आंबा वाहतुकीच्या गाडीचे टायर : निवड व निगा

रत्नागिरी जिल्ह्यातील हापूस आंबा एके काळी आगबोटीने मुंबईस जात असे. पुढे मालमोटारींचा काळ आला, आणि आता लहान मालवाहू गाडी, जिला आपण सर्वजण ‘पिकअप’ म्हणतो, ती थेट बागेच्या गडग्यापर्यंत जाऊन पोहोचली आहे. पुष्कळ बागायतदारांनी स्वतःची गाडी घेतली आहे. काही ठिकाणी दोघाचौघांनी मिळून घेतली आहे. गाडी घेताना तिचे इंजिन, विमा, हप्ते यांची बारकाईने चौकशी होते. परंतु टायर बदलण्याची वेळ आली म्हणजे ‘ह्याच मापाचे द्या’ एवढे सांगून काम उरकले जाते, असे अनुभवास येते. टायर हा खतांप्रमाणे किंवा औषधांप्रमाणे कृषि खात्याचा विषय नव्हे, हे खरे. तथापि वर्षभर राखलेले फळ वाशीच्या बाजारापर्यंतची सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपासची वाट ज्या चार चाकांवर तुडविते, त्यांविषयी चार गोष्टी या पानांतून सांगणे अस्थानी होणार नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिल महिन्यातील गोष्ट आहे. एका बागायतदाराने हंगामाच्या तोंडावर जुनी गाडी विकत घेतली होती. बागेची पाहणी आटोपल्यावर त्याने ती मला कौतुकाने दाखविली. टायरांची नक्षी चांगली खोल होती. ‘साहेब, नक्षी तर बघा, अजून दोन हंगाम बघायला नको,’ असे तो म्हणाला, आणि मीही वाकून पाहिल्यासारखे करून मान डोलाविली. त्यानंतर आठच दिवसांनी ऐंशी क्रेट घेऊन निघालेल्या त्या गाडीचा मागील टायर भोस्ते घाटात फुटला. गाडी सुदैवाने डोंगराच्या बाजूस कलली. दरीच्या बाजूस गेली असती तर हा लेख लिहिण्याचे धैर्य मला झाले नसते. बरोबरच्या गड्याचा हात मोडला. निम्मे फळ रस्त्यावर गेले आणि उरलेले उन्हात दुपारपर्यंत थांबले. स्टेपनी काढली तर तिच्यात हवा नव्हती. पुढे त्या फुटलेल्या टायरावरील आकडे वाचले तेव्हा तो नऊ वर्षांचा निघाला. माझी मान डोलाविणे कोठे चुकले, हे नीट समजले तर पुढील सर्व विवेचन समजेल.

नक्षी खोल असूनही टायर जुना कसा?

रोज धावणाऱ्या मालमोटारीचा टायर झिजतो आणि झिजला म्हणून बदलला जातो. त्याचे वय होण्यापूर्वीच त्याची नक्षी संपते. आपल्या आंब्याच्या गाडीचे तसे नाही. मार्च ते मे या तीन महिन्यांत ती रात्रंदिवस व भरपूर भार घेऊन धावते. उरलेले नऊ महिने ती बहुधा मांगराच्या बाजूस उभी असते. अशा गाडीची नक्षी झिजत नाही, पण रबर मात्र म्हातारे होत राहते.

रबरावर ऊन, उष्णता, हवेतील प्राणवायू व ओझोन यांचा सतत परिणाम होत असतो. त्यापासून संरक्षण व्हावे म्हणून कारखान्यात रबरात मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात. चाक फिरते, रबर दबते व सुटते, तसतशी ही द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येऊन त्यावर पातळ थर धरतात. गाडी महिनोन्महिने उभी राहिली म्हणजे ही क्रिया मंदावते. रबर कडक होते व बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा पडू लागतात. आतील थरांची एकमेकांवरील पकड सैल होते, आणि ती तर बाहेरून दिसतही नाही. पुढे एप्रिलच्या तापलेल्या डांबरी रस्त्यावर भरलेली गाडी तासन्‌तास चालली म्हणजे सैल झालेले थर सुटतात.

हीच अडचण परदेशांत एका निराळ्याच वाहनाच्या मालकांना फार वर्षांपासून भेडसावीत आली आहे. तिकडे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या मोटारी असतात; त्यांस मोटारघर म्हणता येईल. वर्षातून काही आठवडे प्रवास, बाकीचे महिने अंगणात, आणि तेही सर्व सामानाचा भार चाकांवर ठेवून! त्यामुळे त्यांचे टायर नक्षी शाबूत असतानाच निकामी होतात, आणि जाणते मालक टायर नक्षीवरून नव्हे तर तारखेवरून बदलतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून आपल्याकडेही अशा गाड्यांची चर्चा सुरू झाली आहे. कृषि-पर्यटन केंद्र चालविणाऱ्या एखाद्या बागायतदाराच्या मनात तशी गाडी घेण्याचे असल्यास पुढील माहिती तिलाही जशीच्या तशी लागू पडेल. वरवर पाहता मोटारघर व आंब्याची गाडी यांचा काही संबंध नाही, परंतु चाकांच्या दृष्टीने ती सख्खी भावंडे होत.

तारीख कोठे पाहावी?

टायराच्या बाजूच्या भिंतीवर इंग्रजी अक्षरांची एक ओळ असते व तिच्या शेवटी बहुधा लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. त्यांपैकी पहिले दोन आठवडा दाखवितात व शेवटचे दोन वर्ष. उदाहरणार्थ, २३१९ असे आकडे असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या आरंभी तयार झाला असे समजावे. पुष्कळदा हे आकडे टायराच्या एकाच बाजूस असतात, आणि ती बाजू आतील अंगास आलेली असते. अशा वेळी गाडीखाली वाकून, विजेरी लावून ते वाचावेत. मी वाकलो होतो, पण वाचले नव्हते.

टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी हंगामापूर्वी तो जाणकाराकडून आतबाहेर तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कशीही असली तरी तो वापरू नये, असा कारखानदारांचा सर्वसाधारण सल्ला आहे. आपल्याकडील उन्हाचा, खाऱ्या हवेचा व घाटांचा विचार करता मी याहून कडक नियम सुचवीन. भरलेल्या गाडीच्या मागील चाकांस सात वर्षांवरील टायर ठेवूच नये. हे माझे मत आहे, कायदा नव्हे. भिंतीवर भेगा, कोठेही फुगवटा किंवा आतील दोरे दिसणारा काप आढळल्यास मात्र वयाचा विचारच करू नये. तो टायर त्याच दिवशी काढावा.

नक्षीची मर्यादाही माहीत असावी. नक्षीच्या खाचांच्या तळाशी जागोजाग रबराचे लहान उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. झिजता झिजता नक्षी या उंचवट्यांच्या पातळीस आली की टायराचे आयुष्य संपले. पावसाळ्यात गाडी वापरणाऱ्यांनी तितकी वाट पाहू नये. ज्या जिल्ह्यात वर्षास ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो तेथे उथळ नक्षीस पाणी कापता येत नाही व ब्रेक दाबल्यावर गाडी घसरते.

भार : येथेच बहुतेकांचे चुकते

टायरावर मापाचे आकडे असतात, उदाहरणार्थ २१५/७५ आर १५. यातील २१५ ही मिलिमीटरांत रुंदी, ७५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ७५, ‘आर’ म्हणजे रेडियल व १५ म्हणजे डिस्कचा व्यास इंचांत. हे माप सर्वजण पाहतात. त्याच्या पुढेच आणखी एक आकडा व अक्षर असते, त्याकडे मात्र कोणी पाहत नाही. तो आकडा भारांक होय. तो किलोग्रॅमांत नसतो. त्याचा तक्ता असतो. १०० म्हणजे ८०० किलोग्रॅम, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,०००, ११२ म्हणजे १,१२० आणि ११६ म्हणजे १,२५० किलोग्रॅम. हा भार एका टायराचा असतो, व तोही टायरात पुरेशी हवा असेल तेव्हाच. दोन भारांक तिरप्या रेषेने लिहिलेले असल्यास पहिला एकेरी चाकासाठी व दुसरा जोडचाकासाठी असतो. पुढील अक्षर वेगमर्यादेचे. ‘एन’ म्हणजे ताशी १४० किलोमीटर, ‘क्यू’ म्हणजे १६०. आपल्या रस्त्यांवर वेगापेक्षा भाराचीच चिंता अधिक करावी.

माप तेच असूनही निरनिराळ्या भारांकांचे टायर मिळतात. प्रवासी मोटारीसाठी बनविलेला टायर मालगाडीच्या डिस्कवर बसतो, स्वस्तही पडतो. पण त्याच्या भिंतीत तेवढे बळ नसते. यास्तव दुकानात केवळ माप सांगू नये. माप व भारांक दोन्ही सांगावेत.

आता घाटात फुटलेल्या त्या गाडीचा हिशेब पाहू. रिकाम्या गाडीचे वजन १,७०० किलोग्रॅम व भारासह परवानगी ३,००० किलोग्रॅमांची होती. हे दोन्ही आकडे नोंदणीच्या कागदावर लिहिलेले असतात. चालक व गडी यांचे मिळून १५० किलोग्रॅम धरल्यास मालासाठी १,१५० किलोग्रॅम उरतात. वीस किलो आंबा व क्रेटचे दोन किलो असे बावीस किलो धरल्यास बावन्न क्रेट होतात. गाडीत ऐंशी होते. म्हणजे माल १,७६० किलोग्रॅम व एकूण भार ३,६१०. भरलेल्या पिकअपचा सुमारे दोन-तृतीयांश भार मागील चाकांवर येतो असे मानले तर तो २,४०० किलोग्रॅमांहून थोडा अधिक, म्हणजे दर टायरास १,२०० होतो. त्या टायरांचा भारांक १०८ होता. मर्यादा १,००० किलोग्रॅम. नऊ वर्षांच्या टायरावर दोनशे किलोग्रॅमांचे जादा ओझे घेऊन ती गाडी घाट चढत होती. बावन्न क्रेट असते तर प्रत्येक टायरावर जेमतेम त्याच्या मर्यादेइतकाच भार आला असता, हेही ध्यानात घ्यावे. गाडी बनविणाराने फार मोठी सवलत ठेवलेली नसते.

हिशेबापेक्षा प्रत्यक्ष वजन केव्हाही बरे. वजनकाट्यावर एकदा संपूर्ण भरलेली गाडी व एकदा केवळ मागील चाके चढवून वजन करून घ्यावे. काटेवाला थोडी कुरकूर करील, पण करून देईल. मागील चाकांचे वजन निम्मे केले की प्रत्येक टायरावरील भार समजतो. क्रेट एका बाजूस अधिक रचले असतील तर त्या बाजूचा टायर याहूनही अधिक सोसत असतो.

यावर कोणी म्हणेल की, मग अधिक भारांकाचे टायर घालू आणि ऐंशी क्रेट नेऊ. तसे करता येत नाही. टायर बळकट झाला तरी डिस्क, पाटे, आस व ब्रेक पूर्वीचेच राहतात. शिवाय कायद्याने परवानगी वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याप्रमाणे जादा भारासाठी २०,००० रुपये दंड व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये अशी तरतूद आहे. एक पायरी वरचा भारांक घ्यावा, तो सुरक्षिततेसाठी. क्रेट वाढविण्यासाठी नव्हे. भाडे वाचविण्याचा मोह मी जाणतो. हंगामाच्या ऐन भरात आजचा माल उद्यावर टाकणे बागायतदारास परवडत नाही. परंतु दोन फेऱ्या करणे किंवा शेजाऱ्याच्या गाडीत उरलेले क्रेट देणे हाच त्यावर उपाय आहे.

कोणता प्रकार घ्यावा?

रेडियल टायर लांबच्या डांबरी रस्त्यावर कमी तापतो व अधिक टिकतो. नायलॉनचा टायर स्वस्त असतो व त्याची भिंत जांभ्याच्या अणकुचीदार दगडांस बरी दाद देते. ज्याची गाडी मुख्यतः वाशी, कोल्हापूर किंवा पुण्यास जाते त्याने रेडियल घ्यावा. ज्याची गाडी कातळावरील बागेतून गावच्या गोदामापर्यंतच फिरते त्यास नायलॉन चालेल. एकाच आसावर एक रेडियल व एक नायलॉन असा जोड मात्र कधीही लावू नये. वळणावर दोन्हींचे वागणे वेगळे असते. डिस्कवर व गाडीवर कोणता प्रकार चालतो हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

नक्षी उभ्या रेघांची असेल तर गाडी मोठ्या रस्त्यावर हलकी चालते. आडव्या खोल ठोकळ्यांची नक्षी चिखलात व कच्च्या चढणीवर पकड धरते, पण डांबरावर आवाज करते व तापते. ज्यांना पावसाळ्यात याच गाडीने खते व कलमे न्यावयाची असतात त्यांना दोहोंच्या मधली मिश्र नक्षी सोयीची पडते.

रबर चढविलेल्या, म्हणजे रिमोल्ड टायरांविषयी नेहमी विचारणा होते. मोठ्या मालमोटारीचा सांगाडा सुस्थितीत असेल व काम चांगल्या ठिकाणी होत असेल तर त्यात काही वावगे नाही. परंतु वर्षातील नऊ महिने उभ्या राहणाऱ्या लहान गाडीच्या बाबतीत जुने झालेले अंगच आपण नवी नक्षी लावून पुन्हा वापरतो. नक्षी तेवढी नवी होते, वय तेच राहते. माझा सल्ला नाही असाच आहे. पुढील चाकांस तर मुळीच नाही.

बैलगाडीस लोखंडी धावांऐवजी टायर आले तेव्हा लोक तिला ‘डनलॉप गाडी’ म्हणू लागले, व मोटारींचे टाकाऊ टायर तिला बसविण्याची रीत पडली. बैलाच्या चालीला ते चालून गेले. तीच सवय मोटारीच्या बाबतीत पुढे चालविता येत नाही.

खरेदी करताना

दुकानात ‘नवा’ म्हणून मिळणारा टायर दोनतीन वर्षे गोदामात पडलेला असू शकतो. तेव्हा टायर बसविण्यापूर्वी तारखेचे आकडे स्वतः वाचावेत. वर्षाच्या आतील असल्यासच घ्यावा. दोन्ही टायर शक्यतो एकाच महिन्याचे असावेत. आय.एस.आय. चिन्ह पाहावे, व्यापारी वाहनांच्या टायरांसाठी आय.एस. १५६३६ हे मानक आहे. पक्के बिल घ्यावे व त्यावर टायरांचे क्रमांक लिहून घ्यावेत, म्हणजे पुढे दोष निघाल्यास दाद मागता येते. खरेदी फेब्रुवारीत करावी. मार्चअखेर सर्वांनाच टायर हवे असतात व दुकानदार जे असेल ते गळ्यात घालतो.

दोनच नवे टायर घेण्याची ऐपत असेल तर ते मागे लावावेत. मागील टायर फुटल्यास गाडी ताब्यात ठेवणे फार अवघड जाते, आणि भारही तेथेच असतो. समुद्रकाठच्या गावांत डिस्कच्या कडेस गंज धरतो व ट्यूब नसलेल्या टायरांतून तेथून हवा झिरपते. म्हणून टायर उतरविला असता कडा तारेच्या ब्रशाने घासून रंग द्यावा. व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी नवा घालावा; त्याची किंमत क्षुल्लक असते. पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरांनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून पाहावेत.

हवा

कमी हवेचा टायर चालताना सारखा दबतो व तापतो. भरलेल्या गाडीत तर फारच. हवा किती पौंड हवी हे गाडीच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेले असते, आणि मालवाहू गाडीत रिकाम्या व भरलेल्या स्थितीसाठी निरनिराळे आकडे असतात. हवा पहाटे, गाडी चालण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. प्रवासात टायर गरम झाला की दाब आपोआप वाढतो. त्यास भिऊन वाटेत हवा सोडणारे चालक मी पाहिले आहेत. ती सोडल्यावर टायर अधिकच दबतो व अधिकच तापतो. तसे कदापि करू नये.

उलट चुकीचा परिणाम फळावर होतो. बावन्न क्रेटांची हवा भरून वीस क्रेट नेले म्हणजे गाडी दगडासारखी उडते, आणि पिकू लागलेल्या हापूसच्या देठाजवळ व गालावर मार बसतो. हा मार पेटी उघडल्यावर लगेच दिसत नाही, दोन दिवसांनी काळा पडतो व दोष तोडणीच्या माणसांवर येतो. हल्ली काही ठिकाणी साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरून देतात. त्याने नुकसान नाही, परंतु पंधरा दिवसांनी मोजलेली साधी हवा न मोजलेल्या नायट्रोजनपेक्षा बरी.

उभ्या गाडीची निगा

जून लागण्यापूर्वी गाडी धुऊन कोरडी करावी व शेडमध्ये फळ्यांवर उभी करावी. ओल्या मातीत चाके रुतवून ठेवू नयेत. शक्य असल्यास आसाखाली ठोकळे देऊन भार उचलावा. ते न जमल्यास महिन्यातून एकदा गाडी चार किलोमीटर फिरवून आणावी, म्हणजे एकाच जागी दबून टायर चपटा होत नाही व रबरातील संरक्षक द्रव्यही वर येते. हवा महिन्यास एक-दोन पौंड आपोआप कमी होतेच. ती भरत राहावी. टायरांवर ऊन येत असेल तर गोणपाट झाकावे. पाण्याच्या विजेच्या पंपाशेजारी गाडी ठेवू नये, कारण मोटारीच्या ठिणग्यांनी ओझोन तयार होतो व तो रबराचा शत्रू आहे.

गंज लागू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी गाडीच्या तळास डिझेल किंवा जळके तेल फवारण्याची आपल्याकडे रीत आहे. लोखंडास त्याचा उपयोग होत असेल, पण तेलाने रबर फुगते व मऊ पडते. फवारणी करावयाचीच असल्यास चारही चाके व स्टेपनी झाकून करावी, आणि उडालेले तेल साबणाच्या पाण्याने लगेच धुवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. मोहोर संरक्षणाच्या बैठकीसाठी बागायतदार एकत्र येतात तेव्हा त्यांच्या गाड्या बाहेर उभ्याच असतात. अर्धा तास काढून प्रत्येक गाडीच्या पाचही टायरांची तारीख व भारांक वहीत उतरून घ्यावेत आणि मालकास त्याची एक प्रत द्यावी. पाचवा टायर म्हणजे स्टेपनी. ती गाडीखाली टांगलेली असल्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, व बहुतेक गाड्यांत तीच सर्वांत जुनी निघते. तिची हवाही त्याच वेळी मोजावी.